घडीतले कागद

अंजनीने शेजारून वाटीभर साखर आणली, तरी परत देताना ती शीग लावून द्यायची. त्यामुळे फोनवरचा माणूस हिंदीत म्हणाला, की तुम्ही मोबाइलवरून कर्ज उचललंय आणि चार हप्ते थकवलेत, तेव्हा तिला आधी हसूच आलं. "राँग नंबर लागलाय बघ बाळा," म्हणून तिने फोन ठेवून दिला. बाळ मात्र चिवट निघालं. दुसऱ्या दिवशी ते तिचं पूर्ण नाव घेऊन बोललं, तिसऱ्या दिवशी मेलेल्या नवऱ्याचं नाव घेऊन बोललं, आणि चौथ्या दिवशी असं काही बोललं, की पासष्ट वर्षांच्या बाईने ते पुन्हा तोंडातून काढू नये.

तिने ते कुणाला सांगितलंही नसतं. पण त्याच आठवड्यात समोरची शालूबाई तोंड एवढंसं करून आली आणि दार लोटून घेत म्हणाली, "अंजनाक्का, माझ्या नावावर कर्ज हाय म्हणूलालेत गं. मी तर बँकेची पायरी चढून दोन वर्सं झाली." मग शेजारच्या महादेवचं निघालं. तो मालवाहू रिक्षासाठी कर्ज मागायला गेला, तर बँकेतल्या बाईने स्क्रीनकडे बघत सांगितलं, की तुमच्या नावावर आधीच दोन कर्जं बुडीत दिसतात, आता कुठलीच बँक तुम्हाला दारात उभं करणार नाही. सीमाभागातल्या वडगावचा तो एवढासा विणकरांचा बोळ, आणि त्यात तीन घरांवर न घेतलेल्या कर्जाचे डाग.

असं काही झालं की माणसं आधी चोर शोधत नाहीत, जवळचा माणूस शोधतात. जवळ होता नागराज. बोळाच्या तोंडाशी त्याचं ऑनलाइन सेंटर. पेन्शनचे अर्ज, रेशन कार्डं, विजेची बिलं, सगळ्यांचे कागद त्याच्याच मशीनखालून गेलेले. "मग दुसरं कोण असणार?" हा एकच प्रश्न आठ दिवसांत बोळातल्या प्रत्येक उंबऱ्यावर बसून चहा पिऊन गेला. नागराज "मी न्हाय केलं" एवढंच म्हणाला आणि पुढे गप्प राहिला. गप्प माणसाचा गुन्हा लोक त्याच्या वतीने कबूल करून टाकतात. त्याच्याकडे गिऱ्हाईक फिरकेना, शटर अर्धं खाली आलं, आणि रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात बसून त्याच्याविरुद्ध पोलिसांत अर्ज द्यायचा असं ठरलं.

त्या अर्जावर पहिली सही अंजनीची घ्यायची होती, कारण ती केदारीमास्तरची बायको.

केदारी काही शाळामास्तर नव्हता. बोळातल्या सगळ्यांसारखाच तोही माग चालवायचा, दोन यंत्रमागांच्या मधल्या हातभर जागेत त्याचं आयुष्य गेलं. पण लहानपणी तो चिकोडीला मामाकडे राहिला होता आणि तिथे कानडी शाळेत शिकला होता. तेवढ्यावर तो मास्तर झाला. बोळातल्या लोकांना कानडी बोलायला फक्कड यायचं, भाजीवालीशी भांडण्यापुरतं तर अगदी फर्डं. लिहायची वेळ आली की मात्र सगळ्यांचे हात खिशात. आणि सरकारी कागद तर कानडीत यायचे. सुताची सवलत, विजेची सवलत, विणकर कार्ड, काहीही असो, लोक कागद घेऊन थेट मास्तरच्या दारात यायचे.

ते रविवार अंजनीला अजून दिसायचे. आठवड्यातून त्या एकाच सकाळी माग बंद असायचे. बाकीचे सहा दिवस बोळात इतका खडखडाट, की नवरा-बायको हातवारे करून भांडायचे आणि भांडण मिटलं तरी शेजाऱ्याला कळायचं नाही. रविवारी मात्र चिमण्यांचासुद्धा आवाज यायचा. केदारी अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून खिडकीशी बसायचा. बाहेर कट्ट्यावर दहा-बारा माणसं. अंजनी चहाचं पातेलं चढवायची आणि कुरकुरायची, "फुकटची मास्तरकी, वर चहा आपला." तो मान वर न करता म्हणायचा, "चहाला कर की जरा आलं जास्त, लोकं लांबनं आल्यात." लांबून म्हणजे समोरच्या घरातून.

त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. त्याने स्वतःच एक पद्धत काढली होती. एका माणसाला एक जाड कागद. वर आधार कार्डाची झेरॉक्स, तीही फक्त पुढच्या बाजूची, कारण दुसऱ्या बाजूला जास्त पैसे पडायचे. तिच्या खाली पॅन कार्डाची. त्याखाली त्याच्या हाताने इंग्रजी मोठ्या अक्षरांत नाव, पत्ता, फोन, आणि शेवटी ज्याची त्याची सही नाहीतर अंगठा. कागदाची मागची बाजू कोरी. दरवर्षी सरकार तेच तेच मागतं, म्हणून त्याने बोळातल्या माणसांची एकेक प्रत पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवली होती. कॉलेज संपवून रिकामा बसलेला नागराज त्याच्याशेजारी बसून हे सगळं शिकला, आणि पुढे त्यावरच त्याने सेंटर काढलं. त्याला चोर म्हणणाऱ्या अर्जावर मास्तरच्या बायकोने सही करायची, हे अंजनीच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण मग चोर कोण, हेही तिला सांगता येत नव्हतं.

शनिवारी दुपारी तिची लेक सुवर्णा निपाणीहून आली. ती तिथे हायस्कूलला शिकवते, आणि शिकवणारी माणसं घरी आल्यावरही शिकवायचं थांबवत नाहीत. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने आईचा मोबाइल मागितला.

"रडून काय होतंय? आधी क्रेडिट रिपोर्ट काढूया."

"त्ये काय असतंय?"

"आपण कुणाकुणाकडून कर्ज घेतलं, फेडलं की बुडवलं, ह्याची वही असते, आई. बँका ती बघूनच कर्ज देतात. वर्षातून एकदा आपल्याला फुकट बघायला मिळते."

"माझी वही, आन मला ठाव न्हाय?" अंजनीला खरोखर राग आला. "मला न इचारता कोण लिवतंय?"

"सगळ्यांचीच लिहितात," सुवर्णा म्हणाली आणि आईला पॅनचा नंबर विचारू लागली. मोबाइलवर आकडा आला, तो टाकला, पुन्हा एक आकडा आला. मग रिपोर्ट उघडला. सुवर्णा बोट फिरवत एकेक ओळ वाचू लागली. दोन कर्जं, दोन्ही मोबाइलवर देणाऱ्या कंपन्यांची, दोन्ही गेल्या वर्षीची. कर्ज घेताना दिलेला मुख्य फोन नंबर कुणा तिऱ्हाइताचा, दुसरा तेवढा अंजनीचा. जन्मतारीख बरोबर. पत्त्यापाशी मात्र ती थबकली.

"हे बघ गंमत. 'हळे बावी हत्तिर, वडगाव.' इंग्रजी अक्षरांत कानडी. जुन्या विहिरीजवळ म्हणे. आपल्याकडं कुठं आलीय विहीर?"

अंजनीने तिला ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

विहीर होती. सुवर्णा पाळण्यात असताना नगरपालिकेने ती बुजवली. त्यानंतर तिथे पाण्याची टाकी आली, मग टाकी जाऊन मोबाइलचं दुकान आलं. आधार कार्डावर, विजेच्या बिलावर, कुठेच विहिरीचं नाव उरलं नव्हतं. बोळालासुद्धा तिसरा क्रॉस असं बेचव नाव मिळालं होतं. उभ्या वडगावात एकच माणूस पत्ता लिहिताना तीस वर्षं "हळे बावी हत्तिर" असं लिहीत राहिला, आणि "विहीर बुजली तरी पाणी हाय की खाली" असं वर हसून सांगत राहिला. चोराने ते शब्द अर्थ न कळता जसेच्या तसे उतरवून घेतले होते. म्हणजे नागराजच्या मशीनमधून काही गेलं नव्हतं. गेला होता तो मास्तरचा कागद.

आणि तो कागद कसा गेला, हे जगात फक्त अंजनीला ठाऊक होतं.

केदारी गेल्यावर तिने माग विकले आणि शहापूरच्या एका व्यापाऱ्याकडून साड्यांचं घडीकाम घ्यायला सुरुवात केली. साडी पसरायची, लोंबते धागे कापायचे, घडी घालायची, आणि घडी ताठ राहावी म्हणून आत एक जाड कागद सरकवायचा. कागद व्यापारी पुरवायचा. पुढे लॉकडाऊन आलं. तो उठल्यावर व्यापाऱ्याने गठ्ठेच्या गठ्ठे साड्या आणून टाकल्या, पण कागद कुठे मिळेना. "तुमच्याकडं काय असंल ते घाला, अंजनाक्का, तेवढं चालवून घ्या," असं तो म्हणाला. घरात जाड कागद एकाच जागी होते. तिने ट्रंक उघडली.

एका बाजूने कोरे, चांगले ताठ कागद. वाया काही घालवायचं नाही, हे विणकराच्या घरात आईच्या दुधाबरोबर येतं. तुटलेला हातभर धागासुद्धा गाठ मारून ठेवतात. कोरी बाजू वर येईल अशी तिने घडी घातली, म्हणजे दुकानात साडी उघडताना ती स्वच्छ दिसेल. आधार कार्डाची झेरॉक्स म्हणजे तिच्या लेखी एक काळाकुट्ट फोटो, त्यात चोरण्यासारखं काय असणार? पण तिने एकही कागद न वाचता घातला नव्हता. प्रत्येक कागद ती खिडकीशी धरायची, त्याच्या अक्षरावरून डोळे फिरवायची, ज्याचा कागद त्याची आठवण काढायची आणि मग साडीत ठेवायची. तिला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं, उलट बरं वाटलं होतं. मास्तर कधी लोंढा स्टेशनच्या पलीकडे गेला नाही. त्याचं अक्षर तरी साड्यांबरोबर कुठे कुठे जाऊन येईल, असं तिला वाटलं होतं. कुठल्यातरी गावच्या कुठल्यातरी दुकानात कुणीतरी त्या घड्या उलगडल्या, कागद उलटे करून पाहिले आणि बाजूला काढून ठेवले.

तिने हे सगळं सुवर्णाला सांगितलं. सुवर्णाने मोबाइल पालथा ठेवला.

"आई, हे कुणाला बोलू नकोस," ती म्हणाली. "आपण १९३० ला फोन करूया, सायबर पोलिसांत तक्रार देऊया, ही कर्जं माझी नव्हेत म्हणून रिपोर्टवाल्यांना लिहून कळवूया. पुसलं जातंय सगळं. पण आप्पांचं नाव मधी आणू नकोस. लोकं म्हणतील, मास्तरनं कागद विकले. मेलेला माणूस काय सांगणार उठून?"

"आन नागराज?"

"त्याच्यावर काही सिद्धच होणार नाही. सुटेल तो."

सुवर्णाचं चुकत होतं असं नाही. तिला बाप देवाच्या ठिकाणी होता. अंजनीलाही तो तसाच होता. त्याने आयुष्यात माडी बांधली नाही, शेत घेतलं नाही. केदारीच्या मागे उरलं होतं ते एवढंच, की त्याचं नाव निघालं की बोळातली माणसं आवाज खाली आणायची. तिने तोंड उघडलं तर ते जाणार, आणि नाही उघडलं तर वड्याचं तेल वांग्यावर निघून नागराज जन्माचा चोर ठरणार. पोलीस सोडतात, पण बोळ सोडत नाही, हे तिला लेकीपेक्षा जास्त माहीत होतं.

रविवारी ती अंघोळ करून, इरकल नेसून मंडपात गेली. वीसेक माणसं जमली होती. नागराज एका खांबाला टेकून उभा होता, जणू त्याला बोलावलंच नव्हतं. सगळ्यांत म्हातारा भावकू मधोमध बसला होता. त्याने टाइप केलेला अर्ज पुढे सरकवला आणि पेन तिच्या हातात दिलं. "घाल बाई सही. मास्तर असता तर त्यानंच लिवला असता."

"व्हय," अंजनी म्हणाली, "पर त्यानं खरं लिवलं असतं."

मग तिने सांगितलं. ट्रंक, कागद, घड्या, कोरी बाजू, सगळं. ती मध्ये थांबली नाही. थांबले तर पुढचं बोलता येणार नाही, हे तिला कळत होतं. तिचं झालं तेव्हा मंडपात कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

पहिला महादेव बोलला. "म्हंजी आमच्या नावाचा बाजार तुमीच मांडलासा. आन मास्तर मोठा माणूस म्हणून आमी कागद दिले त्याच्याकडं."

"मास्तरनं जपलं. घालवलं ते मी. त्याला काय बोलू नको रं."

"एकच घर की तुमचं." महादेव उठून उभा राहिला. त्याची रिक्षा त्या कागदापायी गेली होती. त्याला बोलायचा हक्क होता, आणि अंजनीने मान खाली घालून ते ऐकून घेतलं. शालूबाई तिच्याशेजारीच बसली होती. ती पदर आवरून घेऊन जराशी सरकली. चाळीस वर्षांत ती कधी सरकली नव्हती. अंजनीला महादेवच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार तरी कुणाकडे करणार.

भावकूने खाकरून विचारलं, "कागद हुते किती?"

"एकेचाळीस."

"मग बाकीच्यांचं काय? आज तीन निघाली, उद्या तेरा निघतील. ज्याची कुणाची नावं त्यात हुती, त्यांस्नी सांगाय पायजे. यादी हाय का मास्तरची?"

यादी नव्हती. केदारीने कधी यादी केली नव्हती, त्याला सगळी माणसं तोंडपाठ होती. तेव्हा खांबाजवळचा नागराज पुढे आला, त्याने तो अर्ज उचलला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन टेकवून मांडी घातली.

"सांगा काकू. तुमी वाचून घातलाय नव्हं, तुमास्नी येतील."

अंजनीने डोळे मिटले. कागद आठवत बसण्यापेक्षा तिने बोळच आठवला, तेव्हाचा, माग चालू असतानाचा. वरच्या टोकाकडून ती मनातल्या मनात एकेका दारात थांबत खाली येऊ लागली. पहिलं घर शामूचं, तो विणताना लावण्या म्हणायचा आणि त्या खडखडाटात फक्त त्याचे ओठ हललेले दिसायचे. शामू आता कॅम्पात वॉचमन आहे, त्याला फोन करायचा. त्याच्या बायकोचा वेगळा कागद. मग दोघी जावांचं घर, एक कडोलीला लेकीकडे गेली, एक वारली. वारली तरी लिही, मेलेल्यांच्या नावावरही काढतात म्हणे. मग जिना, जिन्याखालचं बिऱ्हाड, रंगाऱ्याचं घर, त्याचे हात कायम कोपरापर्यंत निळे. ती नाव सांगायची, मग त्या माणसाचं काहीतरी सांगायची, आणि नागराज फक्त नाव लिहून घ्यायचा. पण हळूहळू मंडपातली माणसंही बोलू लागली. कुणी म्हणालं, त्याचा मुलगा पुण्याला हाय, नंबर हाय माझ्याकडं. कुणी म्हणालं, ती म्हातारी तर मास्तरच्या अर्जावरच पेन्शन खाऊलालीय. ज्या घरांना गेली पाच-दहा वर्षं कुणी हाक मारली नव्हती, त्यांची नावं त्या सकाळी पुन्हा घेतली गेली. महादेव अजून उभाच होता, पण गेला नव्हता.

चाळीस झाली.

"आन एकेचाळिसावा तू," अंजनी डोळे उघडून म्हणाली. "तुझा बी कागद हुता, नागराज. ट्रंकेत सगळ्यात वर. सेंटर काढताना बँकेसाठी केलता त्यांनी. सगळ्यांच्या आधी तुझी ती वही काढून बघ. तुझ्या नावावर काय निघतंय कुणाला ठावं."

नागराजने आपलं नाव लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

"बघितलंय मी, काकू. श्रावणातच बघितलंय. तीन निघाली."

"श्रावणात?" तिला हिशेब लागेना. श्रावणात बोळात कुणाला फोनसुद्धा आले नव्हते. "मग गप का बसलास? माझ्या बी नावावर हाय म्हणून दाखवला असतास, तर कोण तुला चोर म्हटलं असतं?"

"दाखवाय गेलो असतो, तर पत्ता बी वाचाय लागला असता सगळ्यांसमोर." तो खाली मान घालून पेनाचं टोपण लावत होता. "मला वाचल्याबरोबर कळलं, कागद कुठल्या घरातला. म्हटलं, मी जिता हाय, माझं नाव कधीतरी धुवून घेता येईल. मास्तरांचं कोण धुणार?"

मंडपात सगळ्यांनी ते ऐकलं. शालूबाईनेही ऐकलं आणि महादेवनेही. केदारी गेला तेव्हा आल्यागेल्याचा चहा बघण्यात अंजनीला रडायला सवड मिळाली नव्हती. ती आता तिथेच, सगळ्यांसमोर, पदर तोंडाला न लावता रडली.